पत्र्यावरचे दगड

एका गावात एक खोटं राहत होतं. माणसंही राहत होती, गुरं होती, शेळ्या होत्या, पण गावातलं सगळ्यांत जुनं बिऱ्हाड त्या खोट्याचंच. त्याला स्वतःचं घर नव्हतं, म्हणून ते प्रत्येक घरात थोडं थोडं राहायचं. चुलीपाशी बसायचं, पाहुण्यांना पाणी द्यायचं, आणि कुणी काही विचारलं की घरच्या माणसांच्या आधी तेच उत्तर द्यायचं.

गावाचं नाव गारवे. हे नाव ज्याने ठेवलं तो बहुधा मार्गशीर्षात आला असणार आणि होळीच्या आत परतही गेला असणार. कारण होळी झाली की गारव्यात ऊन असं उतरायचं की कावळासुद्धा दुपारी झाड सोडत नसे. समोरचा माळ पाण्यासारखा हलायचा. लांबची बाभळीची झाडं जमिनीपासून सुटून हवेतच उभी राहायची. माणसं दारं लावून अंधारात पडायची, आणि त्या अंधारात साऱ्या गावाला मिळून एकच स्वप्न पडत असावं असं वाटायचं. मग एखाद्या दिवशी पश्चिमेकडून धुळीची तांबडी भिंत उठायची. वारा, विजा, गारा. घरांवरचे पत्रे उडून माळावर जाऊन पडायचे. म्हणून गारव्यात प्रत्येक पत्र्यावर दगड ठेवलेले असत, चांगले दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे.

असल्या गावात मुलगी कोण देणार? फार वर्षांपूर्वी कुणा वडीलधाऱ्याला हा प्रश्न पडला आणि त्याने तोडगा काढला. सोयरिकीची सगळी बोलणी मार्गशीर्षातच करायची. तेव्हा माळावर धुकं असतं, ज्वारी हुरड्याला आलेली असते, आणि गाव खरोखरच गार असतं. पाहुणे घर बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी शिड्या लागत आणि पत्र्यांवरचे दगड खाली उतरत. ते गोठ्यामागे रचून त्यांवर कडबा टाकायचा. पाहुण्यांनी विचारलंच, "इकडे ऊन-वारा कसा असतो हो?" तर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "छे! थोडंफार असतं." होळीनंतर दगड पुन्हा वर जात. तोवर सून घरात आलेली असे.

कौतिका अशीच आली होती. वडिलांबरोबर घर बघायला आली तेव्हा सकाळचं धुकं होतं. धुक्यात गाव तरंगत होतं, कुठेतरी हुरडा भाजल्याचा वास येत होता आणि नीट झाडलेल्या अंगणात उभा असलेला हणमंत तिला आवडला होता. पुढे पहिल्याच वैशाखात तिच्या डोक्यावरचा पत्रा उडाला. ती कोपऱ्यात बसून रडली आणि वारा पडल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "हे आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आली असतीस का?" हणमंत म्हणाला.

"आले असते," कौतिका म्हणाली. "पण डोळं उघडं ठेवून आले असते."

हणमंत उठून बाहेर गेला. त्याने पत्रा शोधून आणला आणि त्यावर पुन्हा दगड ठेवले. गंमत बघा, पुढच्या मार्गशीर्षात शेजारच्या घरी पाहुणे येणार होते तेव्हा शिडीवर सर्वांत वर कौतिकाच उभी होती. एक एक दगड ती खाली देत होती. खोट्याने तिलाही आपलं म्हटलं होतं.

वर्षं गेली. कौतिकाची लेक मैना सातवी पास झाली. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल माळाच्या पलीकडे होतं आणि तिथवर एसटी जात नव्हती. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर लटकून जात. मुली घरी बसत. कौतिकाला हे काही केल्या पटेना. तिने बचत गटातल्या बायकांना गोळा केलं आणि खूप घासाघीस करून, खूप टोमणे ऐकून गटाने बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा घेतल्या. एक रिक्षा कौतिका स्वतः चालवायला शिकली. शाळा उघडली त्या सकाळी दोन वेण्या घातलेल्या पोरी दाटीवाटीने बसून माळावरून निघाल्या. रिक्षांना आवाज नव्हता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मुलीच हसत हसत हवेतून चालल्या आहेत.

पण बॅटरी भरायची कुठे? घरच्या घरी वायर टाकली तर दिवे मंद व्हायचे, शेजारी भांडायचे. दोघींच्या घरी तर भिंतीवरचा बोर्ड पेटता पेटता राहिला. वायरमनने हात जोडले. म्हणाला, बायांनो, जीव जाईल कुणाचा तरी, गाड्यांसाठी वेगळं चार्जिंग स्टेशन उभं करा. मग ते उभारून देणारा माणूस शोधणं आलं, आणि तो बघायला येणार म्हणजे पाहुणाच आला. साहजिकच त्याला मार्गशीर्षात बोलावलं. शिड्या लागल्या, दगड उतरले.

शहरातल्या मोठ्या कंपनीचे सोनटक्के साहेब आले. माणूस भला होता. हुरडा पोटभर खाल्ला, धुक्याचे फोटो काढले, जागा पाहिली आणि विचारलं, "इथे ऊन कितपत असतं? वादळं वगैरे?"

"छे! थोडंफार असतं," सरपंच तुळशीराम आबा म्हणाले. आबा कौतिकाचे चुलत सासरे. गावातला शेवटचा शब्द त्यांचा.

सोनटक्क्यांनी कौतिकाकडे पाहिलं. "गाडी तुम्ही चालवता ना, ताई? तुमचं काय म्हणणं?"

कौतिकाच्या जिभेवर खरं आलं होतं. पण सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि खोटं तिच्या आधी बोललं. "गारच असतं, साहेब," ती म्हणाली.

त्या माणसाने जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. यात त्याची काय चूक? त्याने पाठवलेला चार्जर दिसायला देखणा होता. काळी चकचकीत पेटी, समोर काच, काचेत निळे आकडे. मारुतीच्या देवळासमोर उघड्यावर तो उभा राहिला आणि गावाने त्याला हळदकुंकू वाहिलं. फाल्गुनापर्यंत सगळं झकास चाललं. चैत्रात मात्र पेटी हात लावू देईना. दुपार झाली की आतलं यंत्र तापून आपोआप बंद पडायचं. बायका ओली पोती घेऊन तिला वारा घालायच्या. एके दिवशी पश्चिमेला तांबडी भिंत उठली. वाऱ्याने पेटीचं झाकण उपटलं, पाऊस आत शिरला, आणि जवळच वीज पडली तशी काचेतले निळे आकडे विझले ते विझलेच.

आबांनी सोनटक्क्यांना फोन लावला. आवाज चांगला चढवला होता. "अहो, काय हे तुमचं यंत्र! जरा वारा आला तर मोडलं!"

"केवढा वारा होता?" तिकडून विचारणा झाली.

आबा घुटमळले. "थोडाफार."

"थोड्याफार वाऱ्याने ते मोडायचं नाही, आबा. नक्की काय झालं?"

आबांनी फोन ठेवला. भांडायचं तर खरं सांगावं लागणार होतं, आणि खरं सांगायची सोय नव्हती.

रिक्षा उभ्या राहिल्या. मुलींचे वार्षिक परीक्षेचे शेवटचे पेपर बुडाले. शाळेने सांभाळून घेतलं, पण घरोघरी बापांनी बजावलं की शाळा उघडायच्या आत गाडी चालू झाली नाही, तर पोरी घरीच राहतील. मैनाने दप्तर खुंटीला लावलं आणि शेळ्यांची काठी घेतली. लेकीने आदळआपट केली असती तर कौतिकाला बरं वाटलं असतं. ती गप्प बसली याचंच आईला फार लागलं.

तेव्हा कौतिका नवा माणूस शोधायला जिल्ह्याच्या गावी गेली. तिथे इलाही तांबोळी नावाच्या माणसाचं चार्जर बसवून देण्याचं दुकान होतं. त्याने भाव सांगितलाच नाही. म्हणाला, "आधी गाव बघतो."

"मार्गशीर्षात या," कौतिका सवयीने बोलून गेली.

"तोवर शाळेचं अर्धं वर्ष जाईल, ताई. आणि चार्जर काय नुसता मार्गशीर्षात चालवायचाय? तुमच्याकडं सगळ्यांत वाईट दिवस कधी असतात?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गारव्याचे चांगले दिवस विचारायला शेकडो माणसं आली होती. "वैशाखात," कौतिका हळूच म्हणाली.

"मग वैशाखातच येतो. दुपारचा."

तो येणार हे घरी सांगायचा तिला धीर झाला नाही. आणि इकडे आबांनी स्वतःच एक माणूस गाठला होता. त्याचं नाव बागूल. बागूल भर वैशाखात, पण सकाळी उन्हं चढायच्या आत आला, आबांच्या ओसरीवर लोडाला टेकून बसला, पन्हं प्यायला आणि एक अक्षर विचारलं नाही. "आमचं यंत्र कुठंही चालतं," तो म्हणाला. "वाळवंटात चालतं, समुद्रात चालतं."

"समुद्रात रिक्षा कोण चालवतं?" म्हातारी मंजुळाआत्या दारामागून म्हणाली. बागुलाने पन्ह्याचा दुसरा पेला मागितला.

आबांना बागूल फार आवडला. "असा माणूस पाहिजे," ते कौतिकाला आत येऊन म्हणाले. "उगा खोदून खोदून विचारत न्हाई. सूनबाई, ह्यालाच काम देऊ."

"आबा, त्यानं जागासुद्धा बघितली न्हाई."

"बघून काय करायचंय? तुला ठाऊक हाय ना, दिगंबरचा साखरपुडा झालाय, लगीन लांबलंय. पोरीकडचं लोक जिल्ह्याच्या गावचं. तिथवर वारा-पावसाची बातमी गेली की सोयरीक मोडली म्हणून समज."

दिगंबर म्हणजे आबांचा नातू. मुलीचं नाव वैजयंता. तिच्याकडचे लोकही मार्गशीर्षातच घर बघून गेले होते, आणि दगड तेव्हा गोठ्यामागे कडब्याखाली होते. कौतिकाला ठाऊक होतं, तांबोळी आजच दुपारी येणार. तांबोळीचं दुकान ज्या आळीत होतं, वैजयंताच्या वडिलांचं घरही त्याच आळीत होतं.

दुपार झाली. माळ हलू लागला. दारं लागली, गाव अंधारात शिरलं; ओसरीवर आबा, बागूल आणि दाराशी कौतिका तेवढी उरली. आणि त्या हलत्या पाण्यातून एक माणूस येताना दिसू लागला. आधी नुसतं डोकं, मग छाती, मग मोटारसायकल. वाटलं, कुणी तळ्याच्या तळातून वर येतंय. इलाही तांबोळी घामाने निथळत ओसरीसमोर उतरला. सावलीत यायचं सोडून तो उन्हातच उभा राहिला आणि घरांकडे बघू लागला. घराघरांवर दगड होते. वैशाखात मान वर करून बघणारा पाहुणा येईल असं गावाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आबा," तांबोळीने विचारलं, "पत्र्यावर हे दगड कशाला?"

खोटं धावून आलं. "वाळत घातलेत," आबा म्हणाले.

तांबोळीने पुन्हा वर पाहिलं.

"दगड?"

"ओलं झालं होतं," आबा म्हणाले.

बागूल मोठ्याने हसला. तांबोळी हसला नाही. तो कौतिकाकडे वळला. "ताई, गाडी तुम्ही चालवता. तुम्ही सांगा."

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा सगळं गाव बघत होतं. दारं किलकिली झाली होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती, आणि म्हणून ती नजर जास्त जड होती. कौतिकाने मान वळवली. समोर लिंबाखाली मैना शेळ्या घेऊन बसली होती. उन्हाने माळाचं पाणी झालं होतं आणि त्या पाण्याच्या पलीकडे शाळा होती. मैना तिकडे बघत नव्हती. तिने तिकडे बघणंच सोडून दिलं होतं.

"वारा येतो, भाऊ," कौतिका म्हणाली. "लई वारा येतो. पत्रं उडतात म्हणून दगड हायत. वैशाखात लोखंडाला हात लावला की फोड येतो. वीज पडती. गेल्या खेपेला साहेबांनी हेच विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. यंत्र मोडलं ते माझ्या बोलण्यानं मोडलं. आता पुन्हा न्हाई बोलणार."

मग मंजुळाआत्या काठी टेकत बाहेर आली. "आणि वारा सरळ येत न्हाई, बाबा," ती म्हणाली. "आधी चिंचेला धरतो, मग देवळाला वळसा घालून इकडून मारतो. त्या पेटीला त्यानं पाठीतच दणका घातला." तिच्यामागून दुसरी बाई आली. तिने पाणी कुठवर चढतं ते भिंतीवर दाखवलं. तिसऱ्याने वीज नेहमी कुठल्या बाजूला पडते ते सांगितलं. घराघरांतून माणसं उन्हात आली. जो तो सांगू लागला, आपला पत्रा कुठे सापडला, आपली म्हैस कशी गेली, धूळ पेटीत शिरते, उंदीर वायरी खातात. साऱ्या गावाने इतकी वर्षं दाबून ठेवलेला पाढा एका दुपारी वाचला. सांगता सांगता काहींना हसू येत होतं. काहींच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. आपलं दुःख मोठ्याने सांगता येतं, हेच त्यांना नवीन होतं.

आबा मात्र ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. सगळे बोलून गप्प झाले तेव्हा ते म्हणाले, "माझा थोरला भाऊ पत्र्याखाली गेला." त्यांचा आवाज कुणी ओळखला नसता. "घरात पाहुणं येणार होतं म्हणून दगड खाली उतरवलं होतं, आणि अवकाळी वारा सुटला. त्यांना आम्ही सांगितलं, तापानं गेला. मग सगळ्यांनाच तसं सांगत आलो. आईनं त्याच्यासाठी रडतानासुद्धा तापच म्हटलं."

कौतिकाला तापाचंच माहीत होतं. तिच्या नवऱ्यालाही. तिने आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि आबांच्या हातात दिलं.

तेवढ्यात उजेड तांबूस झाला. पश्चिमेला भिंत उठली होती. बागुलाने ती पाहिली, "मी फोन करतो" असं काहीसं पुटपुटला आणि त्याची गाडी धूळ उडवत गेली ती गेलीच. तांबोळी ओसरीच्या कडेला बसून राहिला. चिंच वाकली, मग देवळामागून वारा वळला, अगदी आत्या म्हणाली तसा. गारा पत्र्यावर नाचल्या. तो डोळ्यांवर हात धरून सगळं बघत होता.

वारा पडल्यावर गाव धुतल्यासारखं दिसत होतं. अंगणात गारा चकाकत होत्या आणि शेळ्या त्या चाटत होत्या. तांबोळी उठला. "तुम्ही खरं सांगितलंत, आता मीही सांगतो," तो म्हणाला. "माझं यंत्रही उन्हात दमतं. भर दुपारी ते मंद चालेल, गाड्या सकाळ-संध्याकाळीच भराव्या लागतील. वीज कडकडू लागली की ते बंद करावं लागेल, म्हणजे करावंच लागेल. एवढं चालत असेल तर काम घेतो."

स्वतःच्या मालातली खोट स्वतःच सांगणारा माणूस कौतिकाने पहिल्यांदाच पाहिला. पण एकदा पोळल्यामुळे ती नुसत्या गोड वाटण्यावर गेली नाही. मोडलं तर कोण येणार, किती लवकर येणार, बसवायला तुमची माणसं येणार की दुसऱ्याच्या गळ्यात घालणार, सुटे भाग कुठे मिळणार, असं तिने एकेक विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुमचं एखादं यंत्र दाखवा. नवं नको. एक उन्हाळा आणि एक वादळ बघितलेलं दाखवा."

तांबोळीने पत्ता दिला. कौतिका आबांना घेऊन तिथे गेली. दोघांनी यंत्र कमी पाहिलं आणि तिथल्या रिक्षावाल्यांशी बोलणं जास्त केलं. परत येताना आबा एवढंच म्हणाले, "सूनबाई, ह्यालाच देऊ."

आबांना ज्याची भीती होती ते झालंच. बातमी वैजयंताच्या आळीत पोहोचली. तांबोळीने कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण एवढ्या माणसांनी उन्हात उभं राहून सांगितलेली गोष्ट लपते थोडीच! ज्येष्ठाच्या एका दुपारी वैजयंता आपल्या मामांना घेऊन स्वतः गारव्याला आली. ओसरीवर पन्हं आलं, पण ते घ्यायच्या आधी ती अंगणात जाऊन पत्र्याकडे बघत राहिली.

"आबा, हे दगड कायम असतात?"

आबांच्या तोंडाशी जुनं खोटं आलं असेल. कौतिका दारात उभी होती. "होळीपासून असतात, पोरी," आबा म्हणाले. "तुझ्याकडची माणसं आली तवा आम्ही ते उतरवलं होतं. इथं लई ऊन असतं, लई वारा असतो. तुला फसवलं आम्ही. न्हाई म्हणालीस तर तुझा राग येणार न्हाई."

वैजयंता पुन्हा वर बघू लागली. तिच्या कपाळावर आठी होती. आता मोडते सोयरीक, असं सगळ्यांना वाटलं.

"पण आबा," ती म्हणाली, "पत्रं बोल्टनं का न्हाई आवळलं?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. इतकी वर्षं वारा येत होता, इतकी वर्षं पत्रे उडत होते, आबांचा भाऊ गेला होता, आणि हा साधा प्रश्न गावात कुणी विचारला नव्हता. कारण दगड उतरवता येतात, बोल्ट उतरवता येत नाहीत. बोल्ट दिसला असता तर वारा दिसला असता. वारा लपवता यावा म्हणून गारव्याने दगड पत्करले होते आणि त्यांच्याखाली जीव मुठीत धरून झोपत आलं होतं.

आबांनी तोंड झाकून घेतलं. मग कौतिकाकडे बघून म्हणाले, "शिडी आणा."

त्या दिवशी दगड भर ज्येष्ठात खाली आले. लोहार आला, बोल्ट आले, पत्रे वाशांना घट्ट आवळले गेले. दिगंबर शिडी धरून उभा होता आणि कुठला पत्रा ढिला आहे ते वैजयंता खालून सांगत होती, तेव्हा सोयरिकीचं वेगळं विचारायची कुणाला गरज वाटली नाही. तांबोळीला चार्जरसाठी उंच जोतं बांधायचं होतं, पाणी चढलं तरी बुडू नये असं. "एवढे दगड कुठून आणायचे?" त्याने विचारलं, आणि सगळं गाव हसलं. देवळाच्या आडोशाला, वारा वळतो तिथून बाजूला, पत्र्यावरच्या दगडांचं जोतं उभं राहिलं. त्यावर पांढरी जाड पेटी बसली. डोक्यावर छप्पर, चारी बाजूंनी हवा खेळती, वायरींची तोंडं खालच्या बाजूला. पडलेली वीज जमिनीत उतरवायला तार पुरली होती, आणि ती माती उन्हाळ्यात ओली ठेवण्याचं काम मंजुळाआत्याने मागून घेतलं. यंत्र काही देखणं नव्हतं. बायकांनी तरीही हळदकुंकू वाहिलं.

शाळा उघडली त्या दिवशी कौतिका रिक्षा घेऊन दारात आली तेव्हा खुंटी रिकामी होती. मैना येऊन आईच्या शेजारी बसली, दप्तर मांडीवर घट्ट धरून. रिक्षा आवाज न करता माळाला लागल्या. ढग उतरले होते आणि माळ ओला, हिरवट, अर्धवट झोपेत असल्यासारखा पडला होता. "आई," मैना म्हणाली, "शाळेत विचारलं गाव कसं हाय, तर काय सांगू?"

"हाय तसं सांग," कौतिका म्हणाली.

मंजुळाआत्या सांगते की त्याच सकाळी तिने त्या खोट्यालाही जाताना पाहिलं. फार म्हातारं झालं होतं. हातात काही नव्हतं. एकेका दाराशी ते थांबलं, पण कुणी आत बोलावलं नाही, तेव्हा माळावर उतरलं आणि ओल्या गवतातून चालत चालत दिसेनासं झालं. आत्याची नजर आता अधू आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. पण पुढच्या मार्गशीर्षात पाहुणे आले, धुकं होतं, हुरडाही होता, आणि आबांनी त्यांना सगळ्यांत आधी पत्र्यावरचे बोल्ट दाखवले एवढं खरं.

तात्पर्य: आपली उणीव जो लपवतो, त्याला ना ती दुरुस्त करता येते, ना दुरुस्त करणारा निवडता येतो. काम सोपवायचं तर आपले वाईट दिवस विचारणाऱ्याला आणि आपल्या मालातली खोट स्वतःहून सांगणाऱ्याला सोपवावं, आणि त्याला आधी आपलं खरं सांगावं.